बाबुराव पेंटर आणि आपल्या संमेलनाची पोस्टरं

डिसेंबर उजाडला की आपल्या शाळेत दोन ठिकाणी गडबड सुरू व्हायची. हॉलमध्ये नाटकाच्या तालमी, आणि चित्रकलेच्या वर्गात पोस्टरं. ज्यांना पाठांतर जमायचं ते हॉलमध्ये जायचे. स्टेजवर गेलं की ज्यांचे पाय लटपटायचे, असे आम्ही पाच-सहा जण चित्रकलेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून जमिनीवर कार्डशीट पसरायचो. संध्याकाळी गोदीचा भोंगा झाला की कुणाचे तरी वडील न्यायला यायचे आणि ब्रश धुवायचे तसेच राहून जायचे.

आपले चित्रकलेचे सर कोल्हापूरचे. पोस्टर करताना त्यांच्या तोंडी एकच नाव असायचं, बाबुराव पेंटर. आठवी ते दहावी अशा तीन वर्षांत त्यांनी आम्हाला या माणसाची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कधी रंग कालवताना, कधी अक्षरं आखून देताना. तेव्हा माझं अर्धं लक्ष डब्याकडे असायचं. पुढे नोकरी लागल्यावर मी बाबुरावांबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि सरांचे तुकडे आपोआप जुळत गेले. या स्मरणिकेसाठी काय लिहू, असा प्रश्न आला तेव्हा ही गोष्ट सलग लिहून काढावी असं वाटलं. त्याला आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणं कारागिरांचं. वडील कृष्णराव हातात घेतील त्या कामात तरबेज होते, लाकूडकाम असो, चित्र असो की मूर्ती. बाबुराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. वडिलांचे हात बघत आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्या बरोबर काम करत ते शिकले. शाहू महाराजांच्या काळातलं ते कोल्हापूर. गायक, मल्ल, चित्रकार सगळ्यांना तिथे आश्रय होता.

त्या काळी संगीत नाटक भरात होतं आणि नाटक कंपनीचा लौकिक गायक नटांइतकाच तिच्या पडद्यांवर ठरायचा. राजदरबाराचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, असा एकेक कंपनीचा संच असे. पडदा उलगडला की नट तोंड उघडण्याआधी प्रेक्षक टाळ्या वाजवत. साधारण १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबुराव यांनी मराठी नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले. दोघांचं नाव इतकं झालं की लोक मेस्त्री हे आडनाव विसरले. आनंदराव पेंटर आणि बाबुराव पेंटर, असंच दोघांना ओळखू लागले. हे आडनाव त्यांनी जोडीने कमावलेलं होतं. ही गोष्ट सर नेहमी ठासून सांगायचे.

१९१३च्या मे महिन्यात गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या चित्रपटाने या दोन भावांना वेड लावलं. आपणही चित्रपट काढायचा, पण त्यासाठी कॅमेरा हवा, आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही. मग कॅमेरा आपणच बनवू, असं त्यांनी ठरवलं. पोटासाठी सुरुवातीला त्यांनी सिनेमा दाखवण्याचा धंदा केला आणि जोडीला कॅमेऱ्याची खटपट चालू ठेवली.

माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं, म्हणून मला या खटपटीचं फार अप्रूप आहे. फिल्मची पट्टी कॅमेऱ्यात सलग सरकून चालत नाही. ती प्रत्येक चित्रापाशी क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडली पाहिजे, आणि पट्टी पुन्हा हलण्याआधी बंद झाली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा, हाताने दांडा फिरवून करायचं. पट्टीच्या कडेची भोकं आणि चक्राचे दात यांत केसभर फरक पडला तर चित्र थरथरतं. पेटीत कुठून उजेड शिरला तर सगळी पट्टी वाया. हे सगळं कोल्हापुरात, लेथवर भाग कातून, पुन्हा पुन्हा चुकून जमवायचं होतं.

कॅमेरा पुरा होण्याआधीच, १९१६ साली आनंदराव वारले. बाबुराव तेव्हा २६ वर्षांचे होते. काम त्यांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून १९१८मध्ये त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलाला मदत केली, शाहू महाराजांचा आधार मिळाला, आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

पहिला मोठा चित्रपट 'सैरंध्री'. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. कथा कीचकवधाची. याच कथेवरचं खाडिलकरांचं नाटक सरकारने १९१०मध्ये बंद केलं होतं, त्यामुळे लोक काय ते समजून थिएटरात येत. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी पुरुष घ्यावा लागला होता. बाबुरावांच्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोन स्त्रिया कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी उभ्या राहिल्या. त्याबद्दल त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. कीचकाच्या वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ते कापायला लावलं गेलं. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. टिळकांचे जवळचे सहकारी काका बाप्टिस्टा आपल्या माझगावच्या म्हातारपाखाडीचे, आणि डोंगरावरच्या ज्या बागेत आपली सहल चालत जायची ती त्यांच्याच नावाची. कोल्हापूरची ही गोष्ट सांगताना सर खिडकीतून त्या बागेकडे बोट दाखवायचे, ते यासाठी.

जन्मभर पडदे रंगवलेल्या या माणसाने चित्रपटात मात्र रंगवलेले पडदे काढून टाकले. कॅमेऱ्यापुढे सपाट पडदा खोटा दिसतो हे त्यांनी ओळखलं आणि माणसं वावरू शकतील असे भरीव सेट बांधले. चित्रीकरणाआधी ते पोशाखांची, पात्रांची, हालचालींची रेखाटनं स्वतः करत. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. १९२५चा 'सावकारी पाश' तर आपल्या घरांची कथा आहे. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. लालबाग-परळहून शाळेत येणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांचे आजोबा याच वाटेने मुंबईत आले, ते मोजून बघा. त्यातल्या तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी.

आता पोस्टरांकडे येते. सुरुवातीच्या चित्रपटांची जाहिरात म्हणजे नुसती अक्षरं असत, नाव, वेळ, तिकीट. नाटकाच्या जाहिरातीही तशाच. बाबुरावांनी आधी चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका वाटल्या आणि मग स्वतः चित्रांची पोस्टरं काढली. त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं. त्याच चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं.

ते पोस्टर शिळाछापाचं. ही पद्धत सरांनी आम्हाला फळ्यावर काढून दाखवली होती. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, आणि वरून छपाईची शाई फिरवायची. तेल आणि पाणी जुळत नाही, म्हणून शाई फक्त चित्राला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दगडावर सगळं उलटं, अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी. एक रंग जरा सरकला की चेहऱ्याला दोन नाकं. एवढा खटाटोप कशासाठी, तर भिंतीवर चिकटवून आठ दिवसांनी ज्यावर दुसरं पोस्टर बसणार अशा कागदासाठी.

पण झालं उलटंच. बाबुरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज राहिलेले नाहीत. ती फिल्म पटकन पेट घेणारी होती, त्यांच्या कंपनीत आगही लागली, आणि उरलंसुरलं काळाने खाल्लं. 'कल्याण खजिना' आपण पाहू शकत नाही. त्याचं पोस्टर पाहू शकतो.

पुढची हकिगत शिक्षकांनी विशेष वाचावी. १९२९मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चार शिष्य बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. काही काळातच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. प्रभातचं नाव घरोघरी पोचलं आणि गुरूचं नाव मागे पडत गेलं. बाबुरावांनी नंतरही मोजके चित्रपट केले. १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी'साठी ते आणि शांताराम पुन्हा एकत्र आले. पण त्यांचा जीव अधिक रमला तो चित्रात आणि शिल्पात. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. शेवटपर्यंत आडनाव लावलं ते पेंटर, जे आनंदरावांचंही होतं.

आता ते दुसरं कारण. दहावीच्या वर्षीच्या नाटकाचं मोठं पोस्टर तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. काळ्या पार्श्वभूमीवर कंदील, आणि खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत नाटकाचं नाव. ते फाटकापाशी लावलं होतं आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता यायचं. कंदील मी काढला होता. अक्षरं माझी नव्हती. ती आमच्या तुकडीतल्या एका मैत्रिणीने काढली होती, दोन संध्याकाळी बसून, एकदा चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून. आणि खाली कोपऱ्यात सही मात्र मी माझ्या एकटीची केली. बक्षीस समारंभात नावही माझं एकटीचं पुकारलं गेलं. तिने काही म्हटलं नाही. मीही नाही.

सरांनी सही पाहिली होती. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्रश धुताना त्यांनी फक्त आनंदरावांची गोष्ट पुन्हा सांगितली, दोघांना मिळून एक आडनाव कसं पडलं ती. मला वाटलं, ते विसरले आहेत की ही त्यांनी आधी सांगितली आहे. ते विसरले नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आता कामावर आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद आपोआप राहते. कार्डशीटवर तशी सोय नव्हती, तिथे ती मीच ठेवायला हवी होती.

म्हणून इथे छापून ठेवते, की त्या पोस्टरवरची अक्षरं माझी नव्हती, आणि ते पोस्टर लांबून वाचलं गेलं ते अक्षरांमुळे. ती हे वाचेल तेव्हा ओळखेल. मेळाव्याला ती येणार आहे असं कळलं आहे, तेव्हा तोंडानेही सांगेन.

आणि एक विनंती. आपल्या वेळचं एखादं पोस्टर, हस्तपत्रिका, निदान पोस्टरापुढे उभं राहून काढलेला फोटो कुणाच्या माळ्यावर असेल तर मेळाव्याला घेऊन या. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून आणा, चित्र कुणाचं, अक्षरं कुणाची, रंग कुणी भरले, आणि शिडी कुणी धरली होती.