प्रामाणिक लोकप्रतिनिधी : ऑस्कर डन

मुलांनो, तुम्ही रोज शाळेत येता, वाचता, लिहिता. एखाद्याला वाचायला शिकवले म्हणून शिक्षकाला तुरुंगात टाकले, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एकेकाळी असा कायदा होता. १८३० साली तेथे गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरला. त्याच राज्यात गुलाम म्हणून जन्मलेला एक मुलगा पुढे लोकांच्या मतांनी राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर बसला. त्याचे नाव ऑस्कर जेम्स डन. त्यांचीच ही गोष्ट.

मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १८२२ च्या सुमारास ऑस्करचा जन्म झाला. त्या काळी या शहराच्या बाजारात माणसे विकली जात. आई गुलाम असली की तिचे मूलही गुलामच समजले जाई. ऑस्करची आई मारिया गुलाम होती, म्हणून तोही गुलाम ठरला. त्याचे सावत्र वडील जेम्स डन हे सुतार होते. ते १८१९ साली गुलामीतून मुक्त झाले होते. त्यांनी मालकाला पैसे देऊन मारिया, ऑस्कर आणि त्याची बहीण जेन यांना विकत घेतले आणि १८३२ साली मुक्त केले. विचार करा, आपल्याच घरच्या माणसांना विकत घ्यावे लागणे किती दुःखाचे!

पुढे ऑस्कर भिंतींना गिलावा करण्याचे, म्हणजे प्लास्टर करण्याचे काम शिकला. त्याला संगीताचीही आवड होती. तो व्हायोलिन शिकला आणि इतरांना शिकवूही लागला. मेहनतीची भाकरी आणि स्वच्छ वागणूक यांमुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि शेवटी गुलामी संपली. पण मुक्त झालेल्या लोकांजवळ ना जमीन होती, ना पैसा. पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे मजुरीचा करार करताना त्यांची फसवणूक होई. डन यांनी अशा लोकांना काम मिळवून देणारी कचेरी उघडली. करार न्यायाचा व्हावा आणि मजुरी पुरी मिळावी, याकडे ते लक्ष देत.

मतदानाचा हक्क मात्र सहज मिळाला नाही. ३० जुलै १८६६ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये या हक्कासाठी सभा भरली होती. त्या सभेवर हल्ला झाला आणि तीसहून अधिक कृष्णवर्णीय माणसे मारली गेली. तरी लोक मागे हटले नाहीत. १८६७ च्या कायद्याने दक्षिणेकडील कृष्णवर्णीय पुरुषांना मत देण्याचा हक्क मिळाला.

एप्रिल १८६८ मध्ये लुइझियानात निवडणूक झाली. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक होते. अमेरिकेत मात्र गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडला जातो आणि तोच राज्याचा कारभार पाहतो. त्याच्या खालोखाल लेफ्टनंट गव्हर्नर असतो. रिपब्लिकन पक्षाने गव्हर्नरपदासाठी हेन्री वॉर्मथ या गोऱ्या तरुणाला आणि लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी डन यांना उभे केले. डन यांच्याविरुद्ध फ्रान्सिस ड्युमा हे श्रीमंत घराण्यातले गृहस्थ उभे होते. तेही गोरे नव्हते, पण त्यांच्याजवळ मोठी संपत्ती होती. डन यांच्याजवळ होता तो फक्त लोकांचा विश्वास. वॉर्मथ यांना सुमारे ६५ हजार मते पडली, तर त्यांच्या विरोधकाला सुमारे ३८ हजार. डनही निवडून आले. अमेरिकेत कोणत्याही राज्यात लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होते.

याच निवडणुकीत लोकांनी राज्याची नवी घटनाही मंजूर केली. सरकारी शाळा सर्व मुलांसाठी खुल्या असाव्यात, रंगावरून वेगळ्या शाळा नसाव्यात, असे त्या घटनेत लिहिले होते. जेथे शिकवणे हा गुन्हा होता, तेथे शिक्षण हा हक्क झाला.

लेफ्टनंट गव्हर्नर या नात्याने डन सिनेटचे अध्यक्ष झाले. सिनेट म्हणजे विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. त्या काळी राजकारणात लाचलुचपत फार होती, पण डन यांचा हात स्वच्छ राहिला. वॉर्मथ यांच्याशी मात्र त्यांचे पटेना. १८६८ साली विधिमंडळाने समान हक्कांचा एक कायदा संमत केला, तो वॉर्मथ यांनी अडवला. ज्यांच्या मतांवर आपण निवडून आलो, त्यांनाच विसरणे डन यांना पसंत नव्हते. गप्प बसले असते, तर त्यांचे पद सुखाने टिकले असते. पण त्यांनी आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरला उघड विरोध केला. १८७१ साली वॉर्मथ पायाच्या दुखापतीमुळे राज्याबाहेर गेले, तेव्हा डन यांनी ३९ दिवस गव्हर्नर म्हणून कारभार सांभाळला.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात डन एकाएकी आजारी पडले आणि २२ तारखेला त्यांचे निधन झाले. त्यांना विष दिले गेले, असा संशय पुष्कळांना आला, पण काहीच सिद्ध झाले नाही. त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी रस्त्यांवर हजारो लोक लोटले. सरकारने त्यांच्या स्मारकासाठी पैसे मंजूर केले, पण ते स्मारक उभे राहिले नाही.

स्मारकच काय, त्यांनी ज्यासाठी जीव तोडला तो हक्कही पुढे हिरावून घेतला गेला. १८९८ साली लुइझियानाने नवी घटना आणली. मतदारांसाठी शिक्षण आणि मालमत्तेच्या अटी घातल्या. १८९६ साली मतदार यादीत सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय होते. १९०० साली जेमतेम पाच हजार उरले. तो हक्क परत मिळवायला १९६५ चा कायदा यावा लागला. डन यांचे नावही लोक जवळजवळ विसरले होते. २०२१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांच्या जीवनावर चित्रकथेचे पुस्तक निघाले आणि अनेकांना त्यांची नव्याने ओळख झाली.

मुलांनो, वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की तुम्हीही मतदार व्हाल. त्या दिवशी डन यांची आठवण ठेवा. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो कायमचा आपला झाला, असे नाही. तो रोज जपावा लागतो. मत देताना माणसाचा पैसा किंवा घराणे पाहू नका, त्याची सचोटी पाहा.