पाण्यातले जंतू मोजणारा डॉक्टर

विहिरीचे पाणी निवळशंख दिसले, चवीला गोड लागले आणि त्यात डाळ चटकन शिजली की ते चांगले, अशी पारख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यातली डाळ शिजण्याची खूण पाण्याच्या जडपणाबद्दल बरेच काही सांगते. पण कॉलरा, विषमज्वर, कावीळ किंवा हगवण देणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत. ते मोजता येतात, हे ज्याने जगाला दाखवून दिले, तो रॉबर्ट कॉख हा मुळात एका लहान गावातला सरकारी डॉक्टर होता.

कॉखचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्झ डोंगरातल्या क्लाउस्टाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाणीत अधिकारी होते. गटिंगन विद्यापीठातून १८६६ मध्ये तो डॉक्टर झाला. काही वर्षे गावोगावी व्यवसाय केल्यावर १८७२ मध्ये वोलस्टाइन येथे त्याला जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. दिवसभर रुग्ण पाहायचे, लसीकरण करायचे, गुरांच्या साथीच्या चौकशीला जायचे आणि उरलेल्या वेळात तपासणीच्या खोलीत पडद्याआड सूक्ष्मदर्शक लावून बसायचे, असा त्याचा दिनक्रम होता. महागडी उपकरणे नव्हती. उंदरांना जंतू टोचण्यासाठी तो लाकडाच्या बारीक काड्या वापरत असे. याच खोलीत त्याने गुरांच्या काळपुळी रोगाच्या जंतूचे सारे जीवनचक्र उलगडले. १८७६ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले आणि चार वर्षांनी त्याला बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात बोलावणे आले.

तेथे त्याने एक साधी वाटणारी, पण फार मोठी अडचण सोडवली. पातळ रसात जंतू वाढवले की सगळे एकमेकांत मिसळतात. कोणता कुठला ते कळत नाही. कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि मग घट्ट होणाऱ्या जिलेटिनवर जंतू वाढवले. पातळ केलेल्या जिलेटिनमध्ये पाण्याचे मोजके थेंब मिसळायचे, ते काचेच्या पट्टीवर ओतून गोठू द्यायचे आणि दोन-तीन दिवस थांबायचे. पाण्यातला जंतू जिथे अडकला, तिथेच त्याची वस्ती वाढते आणि ती ठिपक्याएवढी झाली की डोळ्यांनी दिसते. जितके ठिपके, साधारण तितके जंतू. अदृश्य घाण आता मोजता येऊ लागली. पुढे जिलेटिनची जागा अगारने घेतली. ती सूचना कॉखचा सहकारी वाल्टर हेस याची पत्नी फॅनी हेस हिची होती. स्वयंपाकघरात मुरंबे घट्ट करण्यासाठी ती अगार वापरत असे.

२४ मार्च १८८२ रोजी कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला आणि त्याचे नाव जगभर झाले. पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली. जर्मन सरकारने त्याला तेथे पाठवले. पण तो पोहोचेपर्यंत साथ ओसरत चालली होती. मग त्याने भारताची वाट धरली. ११ डिसेंबर १८८३ रोजी, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, तो कलकत्त्यात उतरला. तेथील मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मृतांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पुन्हा पुन्हा सापडला. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने तो १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

कॉखची अडचण वेगळी होती. हा जंतू टोचून प्राण्यांना कॉलरा होईना. जंतू हेच रोगाचे कारण आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने स्वतः घालून दिलेली अट इथे पुरी होत नव्हती. आधार मिळाला तो एका तलावातून. कलकत्त्याच्या एका वस्तीतले लोक त्याच तलावात अंघोळ करत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. कॉलऱ्याने गेलेल्या पहिल्या रुग्णाचे कपडे तेथेच धुतले गेले होते. त्या पाण्यात कॉखला तोच जंतू भरपूर सापडला आणि वस्तीतली साथ ओसरत गेली तशी पाण्यातली संख्याही घटत गेली. हा जंतू आतड्यात विष सोडून रोग्याला कोरडा पाडतो, हे मात्र कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले.

खरी कसोटी १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बर्गमध्ये लागली. एल्ब नदीचे पाणी न गाळता नळाने घरोघर जाणाऱ्या या श्रीमंत बंदरात काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे कॉलऱ्याने मेली. शेजारीच अल्टोना हे गाव होते. ते नदीच्या खालच्या अंगाला असल्याने हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळलेले अधिक घाण पाणी उचलत होते, पण वाळूच्या थरांतून सावकाश गाळून. तेथे साथ पसरली नाही. दोन्ही गावांच्या सीमेवरच्या रस्त्याला एका बाजूला मृत्यू होते, तर दुसऱ्या बाजूला घरे सुखरूप होती. हवा तीच, माती तीच, फक्त पाणी वेगळे. त्या हिवाळ्यात अल्टोनातही थोडे रुग्ण निघाले, तेव्हा थंडीने गोठलेली गाळणी नीट काम करत नसल्याचे उघड झाले. गाळणी आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, तिच्यातून निघणारे पाणी रोज तपासावे लागते, हा धडा कॉखने त्यातून घेतला. गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून कमी जंतू असावेत, हे त्याचे माप जर्मनीत रुजले.

विहिरींबद्दलही त्याचे मत स्पष्ट होते. उघड्या, रुंद तोंडाच्या विहिरीत घाण वरून पडते, काठावरून झिरपते. तिच्यात लोखंडी नळ उतरवून भोवती खडी-वाळू भरावी, म्हणजे जमिनीने गाळलेले पाणी मिळेल, असा त्याचा सल्ला होता.

कॉख सगळीकडेच बरोबर नव्हता. क्षयावर औषध म्हणून १८९० मध्ये त्याने पुढे आणलेले ट्युबरक्युलिन उपचार म्हणून फसले आणि अनेक रुग्णांच्या आशा धुळीला मिळाल्या. तरी तो फिरत राहिला. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी तो मुंबईतही आला. १९०५ मध्ये त्याला नोबेल मिळाले आणि २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्याचे निधन झाले.

त्याचा विहिरीबद्दलचा सल्ला मराठवाड्यात मात्र जपून घ्यावा लागतो. उत्तर जर्मनीत जमिनीखाली वाळूचे जाड थर आहेत. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या परिसरात खाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून पाणी फारसे न गाळता धावते. त्यामुळे शोषखड्ड्याजवळची बोअर खोल आहे म्हणून सुरक्षित आहे, असे धरून चालत नाही. विहीर असो की बोअर, पाणी तपासायलाच हवे.

कॉखच्या मोजणीचे काम आज एक लहान बाटली करते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत रसायन लावलेल्या कागदाच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचे. पाणी काळे पडले तर विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय धरावा. असे पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही नसावा.

विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायची तर अंदाजाने नको. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, चारने भागा आणि हजाराने गुणा. एकूण लिटर मिळतील. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने सुमारे ७० ग्रॅम चांगली पावडर लागते. तिची पेस्ट करून पाण्यात ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी बादलीने विहिरीत सोडून पाणी हलवावे. तासाभराने ओटी चाचणीत पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग नाही आला तर मात्रा कमी पडली किंवा पावडर जुनी आहे.

या बाटलीने नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र कळत नाहीत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट आटल्यामुळे वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असे पाणी दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमपुढे गेले की दात आणि पुढे हाडे बिघडतात. त्यासाठी ग्रामपंचायतीकडचा क्षेत्रीय तपासणी संच किंवा जिल्ह्याची पाणी प्रयोगशाळा आहे. जंतूंची तपासणी पहिल्या मोठ्या पावसानंतर करावी. काठावरची सारी घाण त्याच वेळी विहिरीत उतरते आणि पाणी दोन दिवसांत निवळले, तरी जंतू तिथेच असतात.