भूल मोजून देणारा डॉक्टर : जॉन स्नो

वाचकहो, धडधडत्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया होते तेव्हा आपण वाखाणतो ते सर्जनला. पण टाके घालण्यासाठी त्याने हृदय उचलले की रक्तदाब घसरतो, आणि तो सावरतो रोग्याच्या उशाशी असलेला भूलतज्ज्ञ. औषध मोजून द्यावे व रोग्यावरून नजर हटू देऊ नये, ही शिस्त ज्यांनी या शास्त्राला लावली, त्या डॉ. जॉन स्नो यांची ही ओळख.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते एका सर्जनकडे उमेदवारीस राहिले. १८३६ साली त्यांनी लंडन गाठले आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळविली.

१८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले. ते रुमालावर अंदाजाने शिंपडून नाकाशी धरीत. जानेवारी १८४८ मध्ये पायाचे नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली. स्नो यांनी अशा मृत्यूंचा कसून अभ्यास केला. वाफ फार दाट झाली तर हृदयच बंद पडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि वाफेचे प्रमाण राखणारे उपकरण तयार केले. १८५३ व १८५७ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनी रुमालावरूनच क्लोरोफॉर्म दिले, पण बेताने, थोडेथोडे. १८५४ च्या कॉलऱ्यात दूषित पाण्याचा पंप शोधून काढणारे स्नो ते हेच. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

पुढे या वादाचे केंद्र आपल्याकडे आले. मराठवाडा ज्या राज्यात होता, त्या हैदराबादेत निजामांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, असा त्यांचा निर्वाळा होता. परंतु क्लोरोफॉर्मने हृदय अचानक बंद पडू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. स्नो यांची धास्ती अनाठायी नव्हती.

वाचकहो, आपल्या घरातील कोणाचे ऑपरेशन ठरले तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ चौकशीस येतील. जुने आजार, चालू औषधे, तंबाखूची सवय, काहीही लपवू नका. त्यांचे सारे मोजमाप त्यावरच बसते.