समुद्रशैवालाचा ध्यास घेतलेला रसायनतज्ज्ञ

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकच्या लाटा झेलत हेब्रिडीज बेटे उभी आहेत. एकोणिसाव्या शतकात वादळ ओसरले की तेथील किनाऱ्यांवर तपकिरी समुद्रशैवालाचे ढीग साचत. बेटांवरची गरीब कुटुंबे ते वाळवीत, उघड्यावर जाळीत आणि उरलेली राख विकून चार पैसे मिळवीत. या राखेला ‘केल्प’ म्हणत. तिच्या धुरातून किती मौल्यवान द्रव्य वाया जाते, याचा हिशेब मांडणारा माणूस म्हणजे एडवर्ड चार्ल्स कॉर्टिस स्टॅनफर्ड.

१८३७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या स्टॅनफर्ड यांनी शिक्षण घेतले ते औषधनिर्मितीचे. शैवालाच्या राखेत आयोडीन असते, हे १८११ मध्येच फ्रान्समध्ये कळून चुकले होते. मात्र उघड्या आगीत त्याचा मोठा हिस्सा उडून जाई. १८६२ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे त्यांनी यावर उपाय सुचविला. शैवाल बंद भांड्यात तापवावे, म्हणजे वायू आणि डांबर हाती लागेल आणि क्षार कोळशात टिकून राहतील. केवळ निबंध वाचून ते थांबले नाहीत. टायरी बेटावर आणि क्लाइड नदीकाठी त्यांनी कारखानदारी उभारली.

पण रसायनशास्त्र आणि बाजार यांचे गणित जुळले नाही. चिलीतील नायट्रेटच्या खाणींमधून स्वस्त आयोडीन येऊ लागले आणि शैवालाच्या राखेचे मोल घसरले. एखादा निराश झाला असता. स्टॅनफर्ड यांनी मात्र उलटा विचार केला. शैवालाच्या राखेला किंमत नसेल, तर ते जाळायचेच कशाला?

या शोधातून १८८१ मध्ये ‘अल्जिन’ जगापुढे आले. शैवाल सोड्याच्या द्रावणात भिजविले असता त्यातून डिंकासारखा दाट, चिकट पदार्थ सुटतो, असे त्यांना आढळले. त्यातूनच अल्जिनिक आम्ल मिळाले. सोडियमबरोबर त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार होतो. कॅल्शियमबरोबर मात्र न विरघळणारा. कापडाला खळ देणे, खाद्यपदार्थ दाट करणे असे अनेक उपयोग त्यांनी सुचविले. उद्योगजगताने फारसे लक्ष दिले नाही. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. अल्जिनेटचे मोठे व्यापारी उत्पादन सुरू झाले ते तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, तेही दूर कॅलिफोर्नियात.

त्यांच्या शोधाचे खरे नवल त्यानंतर उलगडले. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवंत पेशी मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले, तर प्रत्येक थेंबाचा मऊ मणी बनतो. उष्णता नको, जहाल रसायन नको. म्हणूनच पेशी जगतात. मण्याच्या सूक्ष्म छिद्रांतून साखर आणि प्राणवायू आत जातो, पेशींनी बनविलेले द्रव्य बाहेर येते. पेशी मात्र जागीच राहतात. अशा मण्यांतील यीस्ट मद्यार्कनिर्मितीत पुन्हा पुन्हा वापरता येते.

१९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी इन्सुलिन बनविणारे पेशीपुंज अशाच मण्यांत, वर आणखी एक आवरण चढवून, मधुमेही उंदरांच्या शरीरात ठेवले. दोन ते तीन आठवडे त्यांची रक्तशर्करा ताळ्यावर राहिली. शरीराची संरक्षक यंत्रणा आतील पेशींपर्यंत पोहोचू नये, हा आवरणाचा हेतू. कालांतराने शरीर या मण्यांभोवती तंतुमय ऊतींचा थर चढविते आणि आतील पेशी गुदमरतात, ही अडचण संशोधकांना आजही छळते. त्यामुळे हा उपचार अजून सर्रास झालेला नाही.

स्टॅनफर्ड यांना पेशींचे हे जग ठाऊक नव्हते. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले काहीही वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. बेटांवरच्या कुटुंबांना त्यांच्या हयातीत त्याचे फळ पुरते मिळाले नाही. मात्र ज्या शैवालाची एके काळी राख होत होती, तेच आता जिवंत पेशींना सांभाळते आहे.