मक्याचं कणीस आणि डॉ. पांडुरंग खानखोजे

आपलं पुलगाव ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात १८८४ साली पांडुरंग खानखोजे जन्मले. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक. इंग्रजी राज्यात त्यांना घरी परतणं शक्य नव्हतं. मग मेक्सिकोत ते शेतीचे प्राध्यापक झाले. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते. त्याचा मक्याशी त्यांनी संकर केला. म्हणजे काय? एकाचे पराग दुसऱ्याच्या कणसाच्या केसांवर टाकायचे, आलेल्या रोपांतली जोमदार निवडायची, त्यांचंच बी पुन्हा पेरायचं. शेतकऱ्यांसाठी त्यांनी कृषिशाळाही काढल्या. देश स्वतंत्र झाल्यावरच ते परतू शकले. १९६७ साली नागपुरात वारले. कणीस सोलताना मुलांना त्याचे केस दाखवा, एका केसामागे एक दाणा! आणि आपल्या जिल्ह्यातल्या या माणसाची गोष्टही सांगा.