रखमाबाईंनी मोडलेला संकोच

अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, हे पुरुष डॉक्टरला सांगण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढत. त्या काळात, १८६४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले. पुढे नवऱ्याने नांदण्यासाठी दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जाण्याचा, नाहीतर तुरुंगवासाचा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी स्त्रियांवर उपचार करण्यात हयात घालवली. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला स्त्रीरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत. संकोच मात्र सुटलेला नाही. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज हे बहुधा बुरशीमुळे होते. माशासारखा वास योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे सुचवतो. पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीमुळे असू शकतो. त्यात जोडीदारालाही औषध घ्यावे लागते. पण लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि बुरशीचे औषध इतर दोन्हींवर चालत नाही. म्हणून मेडिकलमधून मनानेच क्रीम आणू नये, योनी आतून साबणाने धुऊ नये. आधी तपासणी करून घ्यावी.