राफाएल लेमकिन

राफाएल लेमकिन (२४ जून, इ.स. १९०० – २८ ऑगस्ट, इ.स. १९५९) हे पोलिश ज्यू कायदेपंडित होते. ‘जेनोसाइड’ हा शब्द त्यांनी घडवला. मराठीत त्यासाठी वंशसंहार हा शब्द वापरतात. संयुक्त राष्ट्रांनी इ.स. १९४८ मध्ये स्वीकारलेला वंशसंहारविरोधी करार मुख्यतः त्यांच्या प्रयत्नांचे फळ मानला जातो. एखादे राज्य स्वतःच्याच प्रजेचा संहार करीत असेल, तर तो त्या राज्याचा अंतर्गत प्रश्न ठरत नाही, हे कायद्यात लिहिले जावे यासाठी त्यांनी जवळजवळ सारे आयुष्य खर्ची घातले.

प्रारंभिक जीवन

लेमकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आता बेलारूसमध्ये असलेल्या वोल्कोव्हिस्क गावाजवळ एका शेतकरी ज्यू कुटुंबात झाला. मुलांचे सुरुवातीचे शिक्षण आई बेला यांनी घरीच केले. इ.स. १९०६ मध्ये जवळच्या ब्यालिस्टोक शहरात ज्यूंची कत्तल झाली. त्या वेळी लेमकिन जवळजवळ सहा वर्षांचे होते.

ल्वूव (आजचे युक्रेनमधील लविव) येथील विद्यापीठात त्यांनी आधी भाषाशास्त्राचा आणि नंतर कायद्याचा अभ्यास केला. मार्च १९२१ मध्ये सोगोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाने बर्लिनमध्ये तलत पाशा यांना गोळी घालून ठार केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराचे तलत पाशा हे एक प्रमुख सूत्रधार होते. तलत यांच्यावर खटला का चालवला गेला नाही, असे लेमकिन यांनी आपल्या प्राध्यापकांना विचारले. शेतकऱ्याने आपल्या खुराड्यातील कोंबड्या मारल्या तर त्यात इतरांनी पडण्याचे कारण नाही, अशा आशयाचा दाखला देऊन प्राध्यापकांनी त्यांना राज्याच्या सार्वभौमत्वाचे तत्त्व समजावले. एका माणसाची हत्या गुन्हा ठरते आणि लाखोंची ठरत नाही, ही विसंगती लेमकिन यांना पटली नाही. तेहलिरियन यांची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, पण तलत यांच्या कृत्यांचा निवाडा कोणत्या कायद्याखाली करायचा हा प्रश्न तसाच राहिला.

माद्रिद परिषद आणि देशत्याग

पुढे लेमकिन वॉर्सा येथे सरकारी वकील झाले. इ.स. १९३३ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या दंडविधानविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्यांनी दोन नवे गुन्हे सुचवले. मानवसमूहांचा नाश करण्याला त्यांनी रानटीपणा, तर त्यांच्या कला व संस्कृतीच्या नाशाला विध्वंस म्हटले. त्यांना स्वतःला परिषदेला जाता आले नाही आणि प्रस्तावही स्वीकारला गेला नाही. जर्मनीत हिटलर त्याच वर्षी सत्तेवर आला होता. पुढील वर्षी लेमकिन यांनी सरकारी पद सोडले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केल्यावर ते वॉर्साहून निघाले. वाटेत ते आईवडिलांना भेटले, पण त्यांनी घर सोडण्यास नकार दिला. लिथुआनियामार्गे लेमकिन स्वीडनला पोहोचले आणि तेथून सोव्हिएत संघ व जपानमार्गे इ.स. १९४१ मध्ये अमेरिकेत आले. तेथे ड्यूक विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला.

शब्द आणि ग्रंथ

स्वीडनमध्ये असतानाच लेमकिन यांनी व्याप्त देशांमध्ये जर्मनांनी काढलेले हुकूम आणि अध्यादेश जमवण्यास सुरुवात केली होती. ही सरकारी राजपत्रे उघड प्रसिद्ध होत असत. शिधावाटपातील भेदभाव, विवाहांवरील निर्बंध, भाषेवरील बंदी आणि मालमत्तेची जप्ती असे सुटे वाटणारे हुकूम एकत्र ठेवल्यावर त्यांतून एक योजना दिसू लागते, असे त्यांनी दाखवून दिले. या कागदपत्रांवर आधारलेला ‘ॲक्सिस रूल इन ऑक्युपाइड युरोप’ हा ग्रंथ इ.स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नवव्या प्रकरणात वंश किंवा जमात या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हत्या या अर्थाचा लॅटिन प्रत्यय जोडून त्यांनी ‘जेनोसाइड’ हा शब्द वापरला.

न्यूरेंबर्ग

न्यूरेंबर्ग येथील खटल्यात लेमकिन यांनी अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांच्या चमूला सल्ला दिला. आरोपपत्रात नवा शब्द आला, १ ऑक्टोबर १९४६ च्या निकालात मात्र तो आला नाही. शिवाय न्यायाधिकरणाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा विचार युद्धाशी संबंध असेल तरच केला. परिणामी इ.स. १९३९ पूर्वी जर्मनीने आपल्याच ज्यू नागरिकांवर केलेले अत्याचार निकालाच्या कक्षेबाहेर राहिले. ज्या उणिवेवर लेमकिन पंचवीस वर्षे बोट ठेवत होते, ती कायम राहिली. आईवडिलांसह आपल्या कुटुंबातील ४९ जण मारले गेल्याचेही त्यांना याच काळात समजले. भाऊ एलियास आणि त्याचे कुटुंब तेवढे वाचले होते.

वंशसंहारविरोधी करार

निकालानंतर लेमकिन संयुक्त राष्ट्रांकडे वळले. त्यांच्यापाशी कोणतेही अधिकारपद नव्हते. प्रतिनिधींना गाठणे, पत्रे लिहिणे आणि मसुदे पुरवणे, एवढेच त्यांच्या हाती होते. भारत, क्यूबा आणि पनामा यांनी ठराव मांडण्याचे मान्य केले. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख तेव्हा विजयालक्ष्मी पंडित होत्या, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ११ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा असल्याचे घोषित केले.

९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने करार एकमताने स्वीकारला. युद्ध असो वा शांतता, हा गुन्हा दंडनीय आहे आणि राज्यकर्ते, अधिकारी वा खाजगी व्यक्ती यांपैकी कोणीही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यात नमूद आहे. मात्र संरक्षण फक्त राष्ट्रीय, वांशिक, जमातीय व धार्मिक समूहांना मिळाले आणि राजकीय गट वगळले गेले. सांस्कृतिक संहाराचे कलमही गळाले, याचे लेमकिन यांना दुःख होते. एका समूहाची मुले बळजबरीने दुसऱ्या समूहात नेण्याला मनाई, हा त्या कल्पनेचा एक अवशेष करारात उरला. करार १२ जानेवारी १९५१ रोजी अंमलात आला.

अखेरची वर्षे

अमेरिकेच्या सिनेटने कराराला मान्यता द्यावी म्हणून लेमकिन झगडत राहिले, पण ती इ.स. १९८६ पर्यंत मिळाली नाही आणि अनुसमर्थन इ.स. १९८८ मध्ये झाले. नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण तो त्यांना मिळाला नाही. प्रकृती आणि आर्थिक स्थिती दोन्ही खालावलेल्या असताना २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. भारताने कराराचे अनुसमर्थन केले ते त्याच्या आदल्याच दिवशी. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

मृत्यूनंतर

वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिली शिक्षा सुनावण्यास कराराला पन्नास वर्षे व्हावी लागली. २ सप्टेंबर १९९८ रोजी रवांडाविषयक न्यायाधिकरणाने ताबा येथील माजी नगरप्रमुख जाँ-पॉल अकायेसू यांना दोषी ठरवले. समूहाचा नाश करण्याचा हेतू सिद्ध करावा लागत असल्याने हा आरोप अभियोक्त्यांना आजही सर्वांत अवघड जातो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत इ.स. १९४८ चीच व्याख्या कायम आहे. लेमकिन यांचे अपूर्ण राहिलेले आत्मचरित्र इ.स. २०१३ मध्ये प्रकाशित झाले.